आम्ही लक्षात ठेवायचं आणि तुम्ही विसरायचं?

२०२३च्या धनत्रयोदशीला मार्व्हल स्टुडिओचा 'द मार्व्हल्स' हा सुपरहिरोंचा सिनेमा लागला. दिवाळीची सुट्टी होती, म्हणून दोन दिवसांनी बाबांना घेऊन गेलो. एकशे पाच मिनिटांचाच सिनेमा, म्हटलं त्यांना झेपेल. पहिल्या दहा मिनिटांतच त्यांनी माझ्या कानाला लागून विचारायला सुरुवात केली.

"ही कोण?"

"मोनिका. मागच्या सिनेमात छोटी मुलगी होती ना, ती."

"मग हिला शक्ती कधी मिळाली?"

"ते एका मालिकेत आहे, बाबा."

"आणि ही बांगडीवाली?"

"ती दुसऱ्या मालिकेत."

"कुठल्या चॅनेलवर लागते?"

मागच्या रांगेतून कुणीतरी शूऽऽ केलं. बाबा गप्प बसले. मध्यंतरात चहा घेतला आणि म्हणाले, "तू बघ निवांत, मी गाडीत बसतो." चिडून नाही म्हणाले. आपल्यालाच काही कळेनासं झालंय, असा चेहरा करून म्हणाले. माझा संताप तिथून सुरू झाला आणि अजून उतरलेला नाही. तिकीट काढून आलेल्या सत्तरीच्या माणसाला तुमच्यामुळे स्वतःच्या बुद्धीची शंका यावी?

हाच माणूस २०१९ साली मार्व्हलच्याच 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'ला खुर्चीतून उठून उभा राहिला होता. तीन तास एक मिनिटाचा सिनेमा, त्याआधी याच गोष्टीचे एकवीस सिनेमे आलेले आणि बाबांनी त्यातले जेमतेम सहा-सात पाहिलेले. तरी कॅप्टन अमेरिकाच्या हातात थॉरचा हातोडा आला तेव्हा आख्खं थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं आणि बाबा टाळ्या वाजवत होते. ज्याची लायकी त्यालाच तो हातोडा उचलता येतो, एवढं त्यांना माहीत होतं. तेवढं पुरेसं होतं. मला त्यापलीकडचंही आठवत होतं. २०१५च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मधली ती पार्टी, सगळे गंमत म्हणून हातोडा उचलून बघतात, स्टीव्हची, म्हणजे कॅप्टन अमेरिकाची, पाळी येते, तो ओढतो आणि हातोडा जरासा, अगदी केसभर हलतो. थॉरच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर मावळतं. बस. चार वर्षं त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही आणि मग तो क्षण आला. ज्याला मागचं आठवत होतं त्याला दुप्पट आनंद, ज्याला आठवत नव्हतं त्यालाही पूर्ण आनंद. गोष्टींना गोष्टी जोडणं म्हणजे हे. हे त्यांना येत होतं! म्हणून तर आज जास्त राग येतो.

आपल्याकडे कीर्तनकार द्रौपदीवस्त्रहरणाचं आख्यान लावतो, तेव्हा आदिपर्व वाचून या असं सांगत नाही. पूर्वरंगात पाया घालतो, आख्यानात लागेल तेवढं मागचं ओघात सांगतो आणि मग गोष्टीला हात घालतो. महाभारताएवढा गुंता जगात दुसरा नसेल. तरी देवळात शेवटी येऊन खांबाला टेकलेल्या माणसालाही ती गोष्ट पोचते. शेकडो वर्षं हे जमलंय. अब्जावधी डॉलर हाताशी असलेल्या स्टुडिओला का जमू नये?

कारण त्यांनी रतीब घालायला घेतला. २००८च्या 'आयर्न मॅन'पासून 'एंडगेम'पर्यंत अकरा वर्षांत बावीस सिनेमे. तेव्हाही मालिका होत्या, पण त्या नाही पाहिल्या तरी सिनेमात अडत नव्हतं. त्यानंतर २०२१ आणि २०२२ या दोनच वर्षांत सात सिनेमे, आठ मालिका आणि वर दोन विशेष भाग. आणि आता मालिका पाहणं सक्तीचं. दुसऱ्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मध्ये अ‍ॅव्हेंजर्समधलीच जादूगारीण वांडा आपल्या मुलांसाठी माणसं मारत सुटते. कुठली मुलं? ती 'वांडाव्हिजन'मध्ये झाली, नऊ भागांत. ते पाहिले नसतील तर 'एंडगेम'मध्ये जिच्या दुःखाने गलबललो होतो ती बाई थेट राक्षसीण होऊन समोर येते, मधला सगळा शोक गायब. या मालिका दाखवणाऱ्या ओटीटीची वर्गणी मी नेमाने भरली. रात्री जेवणं उरकून मालिका पाहिल्या. थकून आलो असतानाही पाहिल्या, कारण नाही पाहिल्या तर पुढचा सिनेमा कळणार नाही ही धास्ती. विरंगुळा म्हणून सुरू केलेली गोष्ट गृहपाठ कधी झाली हे कळलंच नाही.

बरं, केला गृहपाठ. ठेवलं सगळं ध्यानात. पण त्यांनी ठेवलं का?

२०२१च्या 'इटर्नल्स'मध्ये हिंदी महासागरातून डोंगराएवढा देव वर येतो. त्याचं डोकं आणि हात समुद्राबाहेर येतात आणि तो तसाच दगड होऊन राहतो. हिंदी महासागरात, म्हणजे आपल्या अंगणात! पृथ्वीचे दोन तुकडे व्हायचे ते वाचले. आणि पुढची तीन वर्षं एकाही सिनेमात कुणी मान वळवून तिकडे पाहिलं नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला तेव्हा कुठे त्यांना त्याची आठवण झाली. त्याच सिनेमात खलनायक कोण, तर २००८च्या 'द इन्क्रेडिबल हल्क'मधला शास्त्रज्ञ. सतरा वर्षांपूर्वीचं एक दुय्यम पात्र आम्ही लक्षात ठेवायचं आणि समुद्रात उभा असलेला देव तुम्ही विसरायचा?

आणि सिनेमा संपल्यावर पुढच्याची चाहूल म्हणून चिकटवलेली ती छोट्या प्रसंगांची शेपटं. नावं सरकत असतात, दिवे अर्धे लागलेले, दाराशी झाडू घेऊन सफाईवाल्या मावशी ताटकळत उभ्या. आमच्यामुळे त्यांचा पुढच्या शोच्या आधीचा वेळ जातो, हे दिसत असतं, तरी आम्ही बसून. कशासाठी? 'इटर्नल्स'च्या शेवटी गायक हॅरी स्टाइल्स, 'एंडगेम'मधला खलनायक थॅनोस याचा भाऊ म्हणून येतो, पुन्हा दिसत नाही. 'डॉक्टर स्ट्रेंज'च्या शेवटी शार्लिझ थेरॉन येते, 'थॉर'च्या शेवटी हर्क्युलिस येतो, अजून दोघांचा पत्ता नाही. ब्लेड या नायकाचा नुसता आवाज ऐकवला आणि २०१९ साली जाहीर केलेला त्याचा सिनेमा अजून पडद्यावर आलेला नाही. दर वेळी वायदा, दर वेळी तोंडाला पानं पुसायची. आणि त्या सरकणाऱ्या नावांत शेकडो नावं व्हीएफएक्सवाल्यांची, म्हणजे संगणकावर दृश्यं घडवणाऱ्यांची असतात. रतीब त्यांच्याच जिवावर चालतो. सप्टेंबर २०२३मध्ये मार्व्हलच्याच व्हीएफएक्स कामगारांनी युनियनसाठी एकमताने मतदान केलं, ते उगाच नाही. पडद्यावर पाट्या टाकलेल्या दिसतात तेव्हा मला त्या कारागिरांचा राग येत नाही. तारखा आधी ठरवून गोष्ट नंतर शोधणाऱ्यांचा येतो.

मार्व्हलच्या स्पर्धक डीसीवाल्यांचं तर बोलायलाच नको. 'ब्लॅक अ‍ॅडम'च्या शेवटी हेन्री कॅव्हिलचा सुपरमॅन दाखवला, लोकांनी जल्लोष केला आणि दोन महिन्यांत जाहीर झालं की तो परत येणार नाही. प्रेक्षकाच्या जल्लोषाची किंमत दोन महिने.

"नाही आवडत तर बघू नका," असं सांगणारे भेटतात. अरे, प्रेम केलंय त्या पात्रांवर! 'गार्डियन्स'चा तिसरा भाग आला तेव्हा रॉकेट या रॅकूनच्या पिंजऱ्यातल्या बालपणावर मी थिएटरात रडलोय. त्यासाठी एकही मालिका आठवावी लागली नाही. एका मुक्या जनावरावर झालेला अत्याचार दिसत होता, तेवढं पुरे होतं. म्हणजे आजही जमतं. मग बाकीच्या वेळी आम्हाला गृहीत का धरता?

आता १८ डिसेंबर २०२६ला 'अ‍ॅव्हेंजर्स: डूम्सडे'. त्याआधी कांग या खलनायकावर आम्हाला मालिका दाखवली, सिनेमा दाखवला, त्याच्या नावाचा 'अ‍ॅव्हेंजर्स' जाहीर केला. पुढे कांग झालेल्या नटाला कोर्टाने दोषी ठरवलं आणि त्यांनी त्याला काढलं. काढलं ते बरोबरच, पण कांगची गोष्टही त्याच्याबरोबर गुंडाळून ठेवली आणि रॉबर्ट डाउनी ज्युनिअरला डॉक्टर डूम हा नवा खलनायक म्हणून आणलं. ज्या टोनी स्टार्कच्या, म्हणजे आयर्न मॅनच्या, मरणावर आख्खं थिएटर हुंदके देत होतं, तोच चेहरा.

परवा मोबाइलवर फोटो पाहून बाबांनी विचारलं, "हा मेला होता ना?"

"हा तो नाही, बाबा. नट तोच, पण पात्र वेगळं, आणि ते दुसऱ्या विश्वातलं..." मी सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. हे समजावून सांगणं माझं काम नाही. ज्यांनी सिनेमा काढलाय त्यांनी सांगावं, त्याच सिनेमात, बाबांनी काढलेल्या त्या एका तिकिटात.