झिरो माइल आणि उघडं गटार

"तुमी झोनमधून आले काय जी?"

हा प्रश्न विचारणारे काका मागे कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. मी झिरो माइलच्या खांबासमोर वही उघडून टिपणं काढत होतो. "राहत्या गावावर काहीतरी लिहा, पण खरं, गोष्टबिष्ट नको," अशी एका संपादकांची मागणी. नागपुरात वही घेऊन फुटपाथवर उभा राहणारा माणूस एकतर महापालिकेच्या झोन ऑफिसातला अतिक्रमणवाला असतो नाहीतर घरटॅक्सवाला. त्यामुळे तिकडे पोहेवाल्यानं तर्रीच्या गंजावर झाकण ठेवून बाकडं ओढून घ्यायला सुरुवातही केली होती.

"नाही काका. लेख लिहितोय. या खांबावर."

"त्याच्यावर का लिहाचं? भारताचा मध्य हाय. झालं. लिहा."

काकांनी कानटोपी वर सरकवली आणि मी लिहितो का ते पाहत थांबले. मी सांगून पाहिलं. हा खांब १९०७चा, इंग्रजांच्या मोजणीतला. समुद्रसपाटीपासूनची उंची मोजण्यासाठी पक्कं ठिकाण लागतं, ते हे. खांबाच्या माथ्याची उंची १०२०.१७१ फूट. देशाचा मध्य म्हणाल तर फाळणीनंतर देशाचा आकारच बदलला, आणि तो मध्य आता तिकडे कटनी जिल्ह्यात, करौंदीजवळ दाखवतात.

"म्हंजे मध्य नाई?"

"तसा नाही."

करौंदीवाल्यांकडून पैसे खाऊन मी रातोरात खांब हलवलाय, अशा नजरेनं त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "कोण्या गावचे तुमी?"

"इथलाच. धरमपेठ."

"वाटलं नाई."

हे मला लागलं. अजून लागतंय. जन्म इथला, शाळा इथली, पंचेचाळीस डिग्रीत डांबर चपलेला चिकटलेलं इथलंच. तरी एका दशांशचिन्हापायी मी परगावचा ठरलो. मग मीही इरेला पेटलो. "अहो, दगडावर कोरलेली गावं तरी बघा! चांदा, छिंदवाडा, बैतूल, सिवनी ७९ मैल. देशाचा मध्य असता तर दिल्ली-मुंबई नसती का कोरली?"

"सिवनीले सासरवाडी हाय माही," काका शांतपणे म्हणाले. "ते का देशाच्या बाहेर हाय?"

यावर उत्तर नव्हतं.

तसं पाहिलं तर दिल्ली-मुंबईनं तरी आम्हाला कुठे कोरून ठेवलंय? नागपूर १९५६पर्यंत एका अख्ख्या राज्याची राजधानी होतं. मग १९५३च्या नागपूर कराराचा हवाला देत वर्षातून एक अधिवेशन आमच्या वाट्याला आलं. हा खांब विधानभवनाच्या जवळच, त्यामुळे डिसेंबर जवळ आला की इथे काय चालतं ते फुकटात दिसतं. रस्त्यांवर डांबर, दुभाजकांना काळा-पिवळा रंग, झाडांच्या बुंध्यांना गेरू. साहेब लोक हुरडा खातात, संत्र्यांच्या पेट्या घेऊन परत जातात. जानेवारीत रंगाचे पोपडे निघतात आणि पुढच्या डिसेंबरपर्यंत आम्ही ते मोजत बसतो. लेखात हे सगळं घालावं असं फार मनात होतं. संपादक म्हणाले होते, "कडवट नको, संत्र्याचा फोटो मात्र पाठवा." मानधनाचा विषय त्यांनी काढला नाही. आपल्या गावावर लिहायचे पैसे कसले, असं असावं.

"हे सगळं खरं खरं लिहिता ना तुमी?" काकांनी विचारलं.

"हो. खरंच लिहायचंय."

"मंग आमच्या गल्लीतलं गटार लिहा. त्याच्याहून खरं काई नाई."

आणि त्यांनी माझ्या वहीतला कोरा कागद फाडला. विचारलं नाही, फाडला. स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि सांगू लागले. मी लिहिलं, 'माननीय साहेब, आमच्या गल्लीतील गटाराचे झाकण पावसाळ्यापासून नाही.' काकांनी वाचलं. जमलं नाही म्हणाले. लिहिणाऱ्या माणसानं जरा वजनदार लिहावं. शेवटी त्यांच्या तोंडची वाक्यं उतरली ती अशी: 'भारताच्या मध्यबिंदूपासून पायी पंधरा मिनिटांवर एक गटार उघडे असून देशाच्या हृदयात वृद्ध माणसे पडत आहेत.'

"मध्यबिंदू खोडतो," मी म्हणालो.

"हात नोका लावू. त्याच्यानंच फरक पडते."

राहू दिला. माझ्या अख्ख्या लेखात या तोडीचं वाक्य नव्हतं, याचा राग वेगळाच. मग पेन त्यांच्यापुढे धरलं, सहीसाठी.

"तुमचीच करा ना जी. माह्या नावानं अर्ज देला होता मागं, कोणी पायलाबी नाई."

"अहो, पण गल्ली तुमची! मी राहणार कुठला म्हणून लिहू?"

काकांनी मला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नागपूरच लिहा," ते म्हणाले. "चालते आता."