भाडेकरू नको, लायसन्सी ठेवा

घरमालक मंडळींनो, घर खाली करून घ्यायचंय ना, मग एकच पथ्य पाळा, जजसाहेबांना विचार करायची संधी मिळता कामा नये. माणूस विचार करायला लागला की समोरच्याचं पण ऐकतो, आणि मग आपलं अवघड होतं.

आता १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदाच बघा. कलम १६ खाली तुम्ही अगदी खरं सांगता की पोराचं लग्न ठरलंय, जागा पुरत नाही. कोर्ट पण म्हणतं हो, गरज खरी आहे. संपलं? छे! लगेच पुढचा प्रश्न, घर खाली केलं तर भाडेकरूचे हाल जास्त की नाही केलं तर तुमचे, आणि दोघांपैकी कुणाला दुसरीकडे जागा आहे का. तुमचा ठाण्यातला फ्लॅट त्याच्या वकिलाने शोधला की खेळ खल्लास. वर अर्धीच जागा खाली करायचा हुकूमही देता येतो, म्हणजे नव्या सूनबाई आणि जुना भाडेकरू भिंतीला भिंत लावून. भाडं थकलं म्हणून जावं तर आधी नोटीस देऊन ९० दिवस थांबा, मग केस, आणि समन्सनंतर ९० दिवसांत त्याने थकबाकी १५ टक्के व्याजासकट भरली आणि पुढेही भरत राहिला की तो जागच्या जागी.

(१९४० च्या भाड्यात अडकलेल्या गिरगावातल्या मालकाचं रडणं खरंय, मान्य. पण हिंजवडीत बाजारभावाने भाडं घेणारे पण त्याच सुरात रडतात, कमाल आहे.)

म्हणून ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करा, म्हणजे ठराविक मुदतीपुरती जागा नुसती वापरायला द्यायचा करार, आणि राहणारा तो भाडेकरू नाही, लायसन्सी. त्याच कायद्याचं कलम २४, वा! मुदत संपली की बाहेर. पोरीची दहावी चालू आहे, आईचं डायलिसिस चालू आहे, असलं काही तिथे मोजायचंच नसतं. बाजू मांडायची तरी आधी परवानगी मागायची, समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, ॲफिडेव्हिट करून, नाही मागितली तर तुम्ही लिहिलंय तेच खरं. वर बसून राहिला तेवढे दिवस दुप्पट भाडं.

फक्त करार रजिस्टर करा हं, नाहीतर कलम ५५ प्रमाणे भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात आणि शिक्षा तुम्हाला.

आणि कुणी शहाणा म्हणालाच की कुणाचे हाल जास्त हे लायसन्सीच्या बाबतीत पण बघायला पाहिजे, तर त्याला शांतपणे विचारा, तू स्वतः भाड्याने राहतोस का? हो म्हणाला तर ब्रोकरला सांगून ठेवा, याला आपला फ्लॅट दाखवायचा नाही.