ठासणीच्या बंदुकीला पाणी चालतं का? चालतं, आणि लागतंच

भात पोसवायला लागलं की कोकणात शेतीसंरक्षणाच्या बंदुका बाहेर निघतात आणि पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो: ‘बंदूक वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी साफ केली की पुरे. नळीला पाणी अजिबात लावू नये. खोबरेल सढळ हाताने सोडावं आणि कव्हरात घालून ठेवावी.’ ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि छरे ठासून भरायच्या बंदुकीची वाट लावायला एवढं पुरेसं आहे.

‘वर्षातून एकदा’ हे कोणी ठरवलं? सफाई कधी करायची ते कॅलेंडर नाही, आत जळलेली दारू सांगते. ठासणीत भरतात त्या काळ्या दारूत साधारण 75 टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), 15 टक्के कोळसा आणि 10 टक्के गंधक असतं. बार उडाला की वजनाने निम्म्याहून जास्त माल घनरूपातच उरतो. काही धुरातून जातो, बाकीचा नळीला चिकटतो. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतलं पाणी ओढतात, आणि आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात हवेत पाण्याला काय तोटा! म्हणून वानरं पळवायला एकच बार काढला असला तरी नळी त्याच दिवशी धुवायची.

काडतुसं घालायच्या बारा बोर बंदुकीची गोष्ट वेगळी. खडकीच्या कारखान्यातल्या काडतुसांत बिनधुराची दारू असते. तिथे वापरानंतर ब्रश, कोरडी चिंधी आणि तेलाचा पुसट हात एवढ्यावर भागतं. मेसेजवाल्याने बहुधा या दोन बंदुका एकच धरल्या आहेत.

‘पाणी लावू नये’ हे सगळ्यात घातक. क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. न धुता तेल लावलं तर मळ तेलाखाली तसाच बसतो आणि लोखंड खात राहतो. आधी बंदूक रिकामी आहे का ते बघा. घोड्याखालची टोपी (ठिणगी देणारी) काढा, गज (ठासायची लांब काठी) नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने खूण धरा आणि तोच गज बाहेरून नळीला लावून पाहा. टोक तळाच्या बरंच अलीकडे थांबलं तर आत बार भरलेला आहे, पुढे हात लावू नका, जाणकाराकडे न्या. रिकामी असेल तर निपल (टोपी बसते तो पोकळ खुंट) काढून साबणाचं गरम पाणी, गजाला गुंडाळलेली चिंधी, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत वर-खाली. गरम पाण्याने नळीही तापते, त्यामुळे लवकर सुकते. पूर्ण कोरडी झाल्यावरच तेल.

खोबरेलाचं म्हणाल तर ते साधारण 24 अंशांखाली थिजतं. डिसेंबरच्या पहाटे घोडा जड पडतो तो त्यामुळेही. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, आणि तेही थेंबभर. सढळ हाताने सोडलेलं तेल तळाशी साचतं, दारू भिजवते, मग टोपी फुटते पण बार उडत नाही. अशा वेळी लगेच नळीत डोकावणं जिवावर बेतू शकतं, कारण बार उशिरानेही उडतो.

कव्हराबद्दल थोडक्यात: कापडी असो वा चामड्याचं, ते ओल धरून ठेवतं. नेण्या-आणण्यापुरतं ठीक.

आणि ज्याचा मेसेजमध्ये पत्ताच नाही ते म्हणजे आचारसंहिता. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, ऐन कापणीत. अशा वेळी बंदूक ठाण्यात जमा करायचा आदेश आला की लोक घाईघाईत आहे तशी नेऊन देतात. मळकट नळी महिनाभर तिथे पडून राहिली तर आत खड्डे पडतात आणि मग ते कुठल्याच तेलाने बुजत नाहीत. जमा करण्याच्या आदल्या दिवशी धुऊन, सुकवून, तेल लावून द्या. परत आणली की बार भरण्याआधी ते तेल कोरड्या चिंधीने पुसून काढा.