आडवा भाऊ, उभा भाऊ

मार्चातला रविवार. मी गॅलरीत चहा घेत पेपरातली फुटबॉलची बातमी वाचत होतो, तेवढ्यात लेक वही घेऊन आली. अकरावी सायन्स, सोमवारी टेस्ट.

"पप्पा, तिरका फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला की तिथं त्याचं त्वरण किती?"

बापानं विचार करत बसायचं नसतं, उत्तर द्यायचं असतं. "शून्य," म्हटलं. "थांबलाय की तो तिथं."

"थांबलेला नाही. वर जायचा तेवढा थांबलाय, आडवा चाललाच आहे. आणि त्वरण तिथंही ९.८, खालच्या दिशेनं."

माझं सायन्स दहावीला संपलं, पुढं कॉमर्स. पण हरायचं कसं? म्हटलं, नीट सांग. मग तिनं सांगितलं, की तिरक्या वेगाचे दोन भाग पाडायचे, एक आडवा, एक उभा. गुरुत्वाकर्षण ओढतं ते फक्त उभ्याला. आडव्याला त्याची खबरसुद्धा नसते, तो निघाला त्याच वेगानं जात राहतो. हवेचा अडथळा धरायचा नाही. परीक्षेत हवा नसते. (पोरं गुदमरतात ती उगाच नाही.)

मला हे पटेना. एकाच चेंडूत राहायचं आणि एकमेकांचं तोंड बघायचं नाही? आणि मग लख्ख उजेड पडला. ही तर भाऊबंदकी! आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा मधे भिंत आली. पलीकडं थोरला चुलत भाऊ राहतो, त्याला आम्ही दादा म्हणतो. म्हणजे म्हणायचो. चार वर्षं बोलणं नाही. दोघांत सामाईक राहिला तो फक्त मागचा आड.

"या दोघांत सामाईक काय गं?"

"वेळ. उभ्याचा हिशेब संपून चेंडू जमिनीला टेकला, की आडव्याचाही प्रवास तिथंच संपला."

म्हणजे वेळ हा आड. पाणी संपलं की दोघांच्याही घागरी रिकाम्या. अकरा ओळींची गणितं मला एका आडात कळली.

फुटबॉल तर कोल्हापूरकराला समजवावाच लागत नाही. तेवढ्याच जोरानं मारलेला चेंडू ३० अंशांत गेला काय आणि ६० अंशांत गेला काय, सारख्याच अंतरावर पडतो, आणि ४५ अंशांत सगळ्यात लांब. फरक एवढाच, की ६० अंशांतला पावणेदोन पट वेळ हवेत राहतो. शाहू स्टेडियमवर तेवढ्या वेळात समोरच्या पेठेच्या तीन पिढ्यांचा उद्धार होतो.

इथवर बरं चाललं होतं. मग ती म्हणाली, "एक वस्तू नुसती सोडली आणि दुसरी त्याच उंचीवरनं सरळ आडवी फेकली, तर दोन्ही एकदमच पडतात."

"ह्या! फेकलेली लांब जाणार, तिला वेळ लागणारच."

"मिसळीची पैज?"

मिसळ म्हटल्यावर माघार नाही. हाताशी कोल्हापुरी जोड होता, नवा, अजून चावणारा. गॅलरीच्या कठड्यावरनं डावी सोडायची, उजवी फेकायची. लेकीनं एक-दोन-तीन म्हटलं. सोडणारा हात लेकीचा, फेकणारा माझा, आणि माझ्या हातात चार वर्षांचा राग असावा. उजवी भिंत ओलांडून गेली. डावी अंगणात 'धप्प', तोच पलीकडं 'खर्रर्र'.

दादाच्या बाजेवर सांडगे वाळत होते.

"बघा, एकदमच!" लेक नाचायला लागली. मग तिलाच शंका आली. बाज जमिनीपासून अर्धा मीटर उंच, म्हणजे उजवी जराशी आधी पडली असणार, प्रयोग बाद. वही उघडून हिशेब मात्र केलाच. पाच मीटर उंची म्हणजे साधारण एक सेकंद, अंतर आठ मीटर. "पप्पा, ताशी २९ किलोमीटर! तुमची स्कूटर याच्यापेक्षा हळू चालते."

गॅलिलिओनं १६३८ साली हे सगळं पुस्तकात छापलं, तेव्हा तो घरात नजरकैदेत होता म्हणे. कुणाच्या सांडग्यांवर काय फेकलं होतं, ते पुस्तकात नाही. माझी नजरकैद स्वयंपाकघरातनं जाहीर झाली. "अहो, आता खाली उतरू नका. दादा बाहेर आलेत."

मी कठड्याआड वाकलो. भिंतीवर आधी चप्पल दिसली, मग तिच्याखाली हात, मग दादाचं डोकं. चार वर्षांत जास्तच पिकलं होतं.

"ही तुझी काय रं?"

"व्हय."

त्यानं चप्पल उलटीसुलटी करून बघितली. अंगठ्यात सांडगा अडकला होता, तो काढून तोंडात टाकला.

"दुसरी कुठाय?"

"ती इकडंच पडली, दादा. दोन्ही एकदमच पडल्या."

"मग सांडग्यावरची आधी पडली असंल," दादा म्हणाला. "बाज उंच हाय."