‘विष निघतंय’ म्हणून खाज सोसू नका

गेल्या रविवारी लातूरला मावशीकडे गेले होते. तिच्या डोक्याला तेल लावायला बसले, केस बाजूला केले आणि हात थांबलाच. कानामागे, मानेवर केसांच्या कडेने पिवळट खपल्या होत्या. दोन ठिकाणी खाजवून रक्त आलं होतं. मावशी शांतपणे म्हणाली, "अगं, विष निघतंय ते. दोन महिने निघतं म्हणे."

तिच्या भिशीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. बाजारचे शाम्पू फेका, त्यांतल्या सल्फेटने, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाने, कॅन्सर होतो. हाताने बनवलेली, केमिकल नसलेली शाम्पूची वडी वापरा, कोरडी टाळू आणि कोंडा दोन्ही जातील. सुरुवातीला खाज वाढेल, पण थांबू नका, जुनं विष बाहेर पडत असतं. केस चिकट झाले तर लिंबू पिळा. हा मेसेज तुमच्याही घरी पोचला असेल, म्हणून लिहितेय.

सगळ्यात वाईट वाक्य ‘थांबू नका’ हे. डोक्याच्या कातडीत शाम्पूचं विष साठून राहत नाही आणि कुठलीही वडी ते ओढून काढत नाही. खाज वाढली, खपली धरली, रक्त आलं, म्हणजे कातडी बिघडतेय, एवढाच त्याचा अर्थ. एरवी एखादी वस्तू झोंबली की माणूस ती बंद करतो. इथे झोंबणं हीच गुण येत असल्याची खूण ठरवली, आणि बासष्ट वर्षांची बाई पाच आठवडे रात्र-रात्र डोकं खाजवत बसली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, ही कोरडी टाळू नाहीच, सेबोऱ्हिक डर्मटायटिस आहे, म्हणजे तेलकट कातडीला येणारी सूज आणि खपल्या. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलकटपणावर पोसते. कोरडं वाटतंय म्हणून आम्ही तेल चोपडत होतो, म्हणजे तिला खाऊच घालत होतो. मी स्वतःसुद्धा.

आता ‘केमिकल नसलेली वडी’. मावशीच्या वडीच्या वेष्टनावर लिहिलंय: खोबरेल, एरंडेल, कॉस्टिक सोडा. म्हणजे हा साबण आहे. कॉस्टिकशिवाय तेलाचा असा साबण होत नाही. नीट केलेल्या साबणात तो उरत नाही हे खरं, पण साबणाचा पीएच (आम्ल-अल्क मोजायचं माप, दर अंकाला दहा पट फरक) ९ ते १० असतो आणि टाळूचा साधारण ५.५. साधारण चार अंकांचा फरक म्हणजे जवळपास दहा हजार पट. ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’मध्ये २०१४ साली १२३ शाम्पू तपासलेला एक अभ्यास छापून आलाय. पीएच जितका अल्कधर्मी, तितकं केसांचं घर्षण आणि तुटणं वाढतं, असं त्यात मांडलंय. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला मान्य करावी लागते: बाटलीतल्या शाम्पूंपैकीही जेमतेम ३८ टक्केच ५.५ किंवा त्याखाली होते. पण म्हणून साबण सौम्य ठरत नाही.

त्यात मावशीकडे बोअरचं पाणी. मी दोन बाटल्या घेतल्या, एकीत बोअरचं पाणी, दुसरीत फिल्टरचं. दोन्हींत त्याच वडीचा कीस टाकून हलवल्या. फिल्टरच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस आला. बोअरच्या पाण्यात दूध नासल्यासारख्या पांढऱ्या गाठी झाल्या आणि बाटलीच्या कडेला चिकट थर बसला. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं, त्याचा हा थर. डोक्यावर तोच बसतो. मावशी त्यालाच विष म्हणत होती.

लिंबू त्या थरावर थोडं चालतंही, पण रसाचा पीएच २ च्या आसपास. तो ओरखड्यांवर पिळायचा? आणि रस लागलेल्या कातडीवर ऊन पडलं तर भाजल्यासारखे फोड येतात, काळे डाग राहतात. कॅन्सरची अफवा १९९० च्या दशकापासून ईमेलवर फिरतेय, तिला आधार नाही. सल्फेटने काहींची कातडी कोरडी पडते, चुरचुरते, हे मात्र खरं आहे. त्यांनी सौम्य शाम्पू घ्यावा. सगळ्याच वड्या साबणाच्या नसतात, हेही सांगायला हवं. वेष्टनावर सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट लिहिलेलं असेल तर ती शाम्पूचीच घट्ट केलेली वडी असते आणि बोअरसारख्या जड पाण्यातही गाठी धरत नाही. नुसतीच टाळू कोरडी असेल तर अशी वडी आणि कढत पाण्याऐवजी कोमट पाणी, एवढं करून बघायला हरकत नाही.

मावशीला आता आठवड्यातून दोनदा किटोकोनाझोल या बुरशीवरच्या औषधाचा शाम्पू दिलाय, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. तेल बंद. काल तिने मेसेज पाठवणाऱ्या बाईंना स्वतः फोन केला. त्यांच्या सुनेलाही तीच वडी चालू होती, सहावा आठवडा.