कथा ‘उतरते’ म्हणे!

गेले काही दिवस एक मजकूर सगळीकडे फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. गोषवारा असा: खरा कथाकार कथा लिहीत नाही, ती त्याच्याकडून लिहिली जाते. ती एका बैठकीत उतरते. उतरलेल्या ओळीला हात लावला की तिचा जीव जातो. मूड नसताना लिहिणं म्हणजे कारकुनी. पात्रं जिवंत झाली की लेखकाने फक्त हात चालवायचा. आणि नोकरीच्या रामरगाड्यात हे काही जमत नाही, तेव्हा ज्याला खरंच लिहायचंय त्याने राजीनामा द्यावा.

मी बारा वर्षं कथा लिहितेय. नावाजलेली वगैरे नाही. पण नव्याने लिहू लागलेली पोरं हे वाचून स्वतःचे खर्डे फाडतात, हे मी पाहिलंय, म्हणून हा उपद्व्याप.

आधी त्या एका बैठकीबद्दल. पुरावा म्हणून जर्मनमध्ये लिहिणाऱ्या फ्रान्झ काफ्काचं नाव दिलंय, आणि ते खोटं नाही. 22 सप्टेंबर 1912 च्या रात्री दहाला तो बसला आणि सकाळी सहाला ‘द जजमेंट’ ही कथा पुरी करून उठला. बसून बसून पाय इतके आखडले होते की टेबलाखालून काढता येईनात, असं त्याने डायरीत लिहून ठेवलंय. पण त्याच काफ्काच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, हे मजकूर लिहिणारा सांगत नाही. तशी रात्र रोज येत असती, तर तिची एवढी अपूर्वाई त्याला तरी कशाला वाटली असती?

दुसरा दाखला अमेरिकन कादंबरीकार जॅक केरुआकचा. एप्रिल 1951 मध्ये त्याने ‘ऑन द रोड’ तीन आठवड्यांत टाइप केली, कागदाला कागद चिकटवून केलेल्या सुमारे 120 फुटांच्या गुंडाळीवर. हेही खरं. मात्र त्याआधी त्याच्या वह्याच्या वह्या भरल्या होत्या, सुरुवाती करून सोडून दिल्या होत्या, आणि गुंडाळी संपल्यावरही फेरफार चालूच राहिले. पुस्तक आलं 1957 मध्ये. तीन आठवडे सगळ्यांना पाठ आहेत, मागची-पुढची वर्षं कुणाला नकोत.

आता खोडण्याबद्दल. माझं खरं भांडण इथे आहे.

माझ्या एका कथेत थोरली बहीण धाकटीचं शिलाई मशीन परत करायला जाते. सहा वर्षांपूर्वी मागून नेलेलं. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, ‘मशीन परत करताना तिला गलबलून आलं.’ त्या दिवशी ही ओळ मला फार आवडली होती. मूड होता ना!

पंधरा दिवसांनी वाचलं तर ओळ तुपकट लागली. खोडली. त्या जागी काय घालावं म्हणून मागची पानं चाळताना एक घोळ सापडला. तिसऱ्या पानावर हीच थोरली मुलीचा फ्रॉक आखूड करायला शिंप्याकडे देते. घरात मशीन असताना? सरळ चूक होती. शिंप्याचं वाक्य काढून टाकलं की काम झालं असतं, दोन मिनिटांचं. पण काढायला हात होईना. आठवडाभर ते वाक्य डोक्यात खुपत राहिलं. कांदा चिरताना, बसची वाट बघताना, मिटिंगमध्ये मान डोलावताना. मग एका संध्याकाळी कळलं: थोरलीला शिवायचं नव्हतंच. धाकटीने शिवू नये, धाकटीच्या हातात स्वतःचे पैसे येऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं.

आता शेवट असा आहे. धाकटी मशीनचं झाकण उघडते. सुई गंजलेली. बॉबिनवर तिने स्वतः गुंडाळलेला जांभळा दोरा, जेवढा होता तेवढाच. ती झाकण लावते आणि बहिणीला चहा विचारते. गलबलणं वगैरे कुठेच नाही.

ही कथा पहिल्या बैठकीत ‘उतरली’ नव्हती. उतरली होती ती मशीन परत करणाऱ्या एका भल्या बाईची गोष्ट. मी खोडायला बसले नसते तर तीच छापून आली असती, जीवासकट! सुचणं एकीकडे आणि खोडणं दुसरीकडे, अशी वाटणी मला कधी करताच आलेली नाही. अमेरिकन लेखक हेमिंग्वेने 1958 मध्ये छापून आलेल्या मुलाखतीत सांगितलं होतं, की ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचं शेवटचं पान त्याने 39 वेळा लिहिलं. त्या पानाचा जीव गेला म्हणून कुणी ओरडलेलं ऐकिवात नाही.

मूडचं काय? एकोणिसाव्या शतकातला इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, समोर घड्याळ ठेवून, दर पंधरा मिनिटांना 250 शब्द. वेळेवर उठवायचे म्हणून नोकराला वर्षाला पाच पाउंड जादा द्यायचा. मला ते झेपणारं नाही, आणि ‘रोज हजार शब्द नाहीत तर तू लेखक नाहीस’ म्हणणारी दुसरी टोळीही मला तितकीच नकोशी आहे. माझी रात्रीची पाऊण तास बैठक असते. त्यात पुष्कळदा कालचाच परिच्छेद पुन्हा मोठ्याने वाचते, एखादं नाव बदलते, एक ‘आणि’ काढते, तोच परत घालते. मूड आला तर याच पाऊण तासात येतो, कारण तेव्हा वही उघडी असते. नाही आला तरी त्या ‘आणि’चा निकाल लागलेला असतो.

पात्रं हात धरून लिहवून घेतात, हे आम्ही लेखक लोकच मुलाखतीत सांगत सुटतो. ऐकायला छान वाटतं. अनुभव इतकाच असतो की पात्राबद्दल बरंच काही ठरलं की त्याने काय करू नये हे चटकन कळतं. माझी थोरली बहीण जर हात धरून लिहवून घेणारी असती, तर बॉबिन तिने मला कधीच दाखवली नसती.

राहिला राजीनामा. ट्रोलप पोस्टात होता, आणि तिथे असतानाच त्याने कादंबऱ्यांमागून कादंबऱ्या लिहिल्या. काफ्का 1908 ते 1922 कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये. आता काफ्काने नोकरीच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडली हे मान्य करते. मीही मोडते. महिनाअखेरीला हिशेब जुळवून घरी आले की वाक्यातला कर्ता सापडत नाही, अशा रात्री वही उघडून तशीच मिटते. पण मी एकदा पाच महिने बिनपगारी रजा काढून बघितली आहे. पहिला महिना झोपण्यात गेला. दुसऱ्यापासून बँकेतली शिल्लक बघण्यात. त्या पाच महिन्यांत दीड कथा झाली, आणि जी अख्खी झाली ती पैशांच्या काळजीवर होती.