प्रॉगचा शिक्का बँडवर मारू नका, गाणं ऐका!

पॉप कुठे संपतं आणि प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे प्रॉग, कुठे सुरू होतं, यावर खुशाल वाद घालावा. विषयच तसा आहे. पण हल्ली वाद होतच नाही, नुसते शिक्के मारले जातात, आणि तेही थेट बँडच्या कपाळावर. येस म्हणजे प्रॉग. जेनेसिस म्हणजे प्रॉग. केट बुश म्हणजे पॉप. झालं, संपलं! मग 'प्रॉग क्लासिक्स' छापाची तयार प्लेलिस्ट उघडावी, तर येसचं 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' आणि जेनेसिसचं 'इन्व्हिजिबल टच' मानाच्या जागी आणि केट बुशच्या 'द नाइन्थ वेव्ह'चा पत्ताच नाही. संताप होतो!

'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' १९८३ चं. निर्माता ट्रेव्हर हॉर्न, म्हणजे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'वाल्या बगल्सचा. कडवं, ध्रुवपद, पुन्हा कडवं, पुन्हा ध्रुवपद, अधूनमधून सॅम्पल्सचे फटके. जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं ते. उत्तम पॉप आहे, आणि पॉप असण्यात त्याला काडीचाही कमीपणा नाही. मग 'बँड येस आहे ना' एवढ्यावरून त्याला प्रॉग का म्हणायचं? माणसांवरूनच ठरवायचं असेल तर एशिया या बँडचा १९८२ चा अल्बम घ्या. किंग क्रिम्झनचा जॉन वेटन, येसचा स्टीव्ह हाऊ, ईएलपीचा (इमर्सन, लेक अँड पामर) कार्ल पामर, बगल्स आणि येस दोन्हीकडे वाजवलेला जेफ डाउन्स. एवढी नावं एकत्र आली आणि निघालं काय, तर 'हीट ऑफ द मोमेंट', चार मिनिटांचं सरळ रेडिओचं गाणं. छान आहे, पण प्रॉगचा त्यात मागमूस नाही.

उलटा अन्याय तर त्याहून मोठा. 'इन्व्हिजिबल टच' हे गाणं पॉप म्हणून अख्खा १९८६ चा अल्बम मोडीत काढणारे 'डॉमिनो' ऐकतच नाहीत. दहा मिनिटांहून मोठं, दोन भागांचं, पहिल्या भागात साचत गेलेला ताण दुसऱ्यात फुटतो. एकाच अल्बमवर दोन्ही आहेत हे कळायला तो पूर्ण ऐकावा लागतो, एवढंच.

आणि हे तंत्राच्या मर्यादेमुळे होतंय असं कुणी सांगू नये. एमपी३ फायलीच्या आयडी३ टॅगमध्ये, म्हणजे गाण्याची माहिती साठवणाऱ्या कप्प्यात, प्रकाराची जागा पहिल्यापासून प्रत्येक गाण्याला स्वतंत्र आहे. जुन्या पद्धतीत ती एका बाइटची होती: पॉपला १३ क्रमांक, आणि विनॅम्प या प्लेअरने वाढवलेल्या यादीत प्रोग्रेसिव्ह रॉकला ९२. एका अल्बमच्या चार गाण्यांना १३ आणि दोघांना ९२ द्यायला कुणाचीही आडकाठी नव्हती. पण अल्बम निवडायचा, सगळी गाणी एकदम सिलेक्ट करायची आणि एकच प्रकार ओतायचा, ही खोड तेव्हा लागली ती लागलीच. आता तर बऱ्याच ठिकाणी शिक्का गाण्यालाही नाही, सरळ कलाकाराच्या नावालाच.

त्यात लोकांच्या कसोट्या! पहिली, लांबी. 'सहा मिनिटं गाठली की प्रॉग.' का? १० सीसी या बँडचं 'आय एम नॉट इन लव्ह' (१९७५) सहा मिनिटांचं आहे. तिघांनी एकेक स्वर सोळा-सोळा वेळा गाऊन एका स्वराचे ४८ आवाज केले, असे १३ स्वर, म्हणजे ६२४ आवाजांची भिंत, आणि ती टेपच्या लूपवरून मिक्सिंग डेस्कच्या फेडरने कमीजास्त केली. स्टुडिओतली कामगिरी म्हणून थक्क करणारं. पण गाणं? एक चाल, एक भाव, तीच चाल पुन्हा. पॉपच, आणि अव्वल दर्जाचं. याउलट किंग क्रिम्झनचं 'फ्रेम बाय फ्रेम' (१९८१) जेमतेम पाच मिनिटांचं. दोन गिटार जवळजवळ तोच तुकडा वाजवतात, पण एकीचं आवर्तन चौदा टोल्यांचं आणि दुसरीचं तेरा. दर फेऱ्यात एक टोला मागेपुढे होत दोघी फाकत जातात आणि हिशेबाने पुन्हा एकत्र येतात. त्या पाच मिनिटांत जेवढं प्रॉग आहे, तेवढं कित्येकांच्या वीस मिनिटांत नसतं.

दुसरी कसोटी, मात्रा. 'सातात आहे, म्हणजे प्रॉग.' हे निदान मराठी माणसाने तरी म्हणू नये! रूपक सात मात्रांचा, तीन-दोन-दोन, समेवर खाली. त्यात भावगीतं आहेत, अभंग आहेत, आणि गल्लीतला पोरगाही त्यावर बिनचूक टाळी देतो. सात मात्रा हा एक ताल आहे, संगीताचा प्रकार नव्हे. पीटर गेब्रिएलचं 'सॉल्सबरी हिल' (१९७७) जवळजवळ सगळं सातात आहे आणि अंतर्बाह्य पॉप आहे. जेनेसिसचं 'टर्न इट ऑन अगेन' (१९८०) तेरा मात्रांचं. ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलेलं सिंगल ते, लोक त्यावर नाचायला जातात आणि पाय चुकतो. पण तेराच्या आवर्तनात केलंय काय? तोच रिफ, तीच मागणी, पुन्हा तेच. पॉपचा बांधा, फक्त आवर्तन वेगळं. 'मनी'मध्ये (१९७३) सॅक्सोफोनचा सोलो सातात आहे आणि गिटारचा सोलो येताच पिंक फ्लॉइड सरळ चारात उतरतात. तेवढ्यापुरतं प्रॉग सुटलं असं म्हणणार का तुम्ही?

तिसरी, मेलोट्रॉन, म्हणजे टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड, ऐकू आला की प्रॉग. ओएसिसच्या 'वंडरवॉल'सारख्या सरळ पॉप गाण्यातही आहे मेलोट्रॉन. पुढे बोलायलाच नको.

मग खूण कोणती? आपल्याकडे ती शब्दासकट तयार आहे: बढत. ख्याल अर्धा तास चालतो म्हणून ख्याल होत नाही, आणि भजन बारा कडव्यांचं झालं म्हणून त्याचा ख्याल होत नाही. सुरुवातीला मांडलेली वस्तू पुढे वाढते का, परत आली तर वेगळी होऊन येते का, हे बघायचं. पॉपमध्ये ध्रुवपद परत येतं ते ओळखीचं म्हणून, आणि ते तसंच यावं ही ऐकणाऱ्याची रास्त अपेक्षा असते. प्रॉगमध्ये ते परत येतं तेव्हा त्याच्याखालची जमीन बदललेली असते.

येसचं 'क्लोज टू द एज' (१९७२) कान देऊन ऐका. साडेअठरा मिनिटं, चार भाग. पाखरं आणि पाण्याचा आवाज, मग सगळी वाद्यं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, तालाचा पत्ता लागत नाही, आणि त्या कल्लोळातून पहिल्या भागाची चाल बाहेर पडते. दुसऱ्या भागात चाल तीच, पण खालचा ठेका पार वेगळा. तिसऱ्या भागात सगळं थांबतं, वेग उतरतो, नुसते आवाज एकमेकांवर थर रचत जातात आणि रिक वेकमनचा चर्च ऑर्गन घुमतो. तो लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट चर्चमध्ये ध्वनिमुद्रित केलेला खरा पाइप ऑर्गन आहे. चौथ्या भागात पहिली चाल परतते आणि शेवटचं शिखर तिसऱ्या भागातल्या संथ ओळीवर चढतं. जी ओळ मघाशी कुजबुजल्यासारखी होती, तीच आता पूर्ण बँडच्या जोरावर. यातली पाच मिनिटं कापा, बाकीचं निरर्थक होतं. येसचंच 'राउंडअबाउट' साडेआठाचं साडेतीन मिनिटांवर आणून सिंगल काढलं, तरी गाणं म्हणून उभं राहिलं. कारण त्याच्या पोटात एक पॉपचं गाणं मुळातच होतं. सीमा कधीकधी अशी एका गाण्याच्या आतून जाते. कात्री चालवून बघणं ही माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक कसोटी.

जेनेसिसच्या 'सपर्स रेडी'त (१९७२, तेवीस मिनिटं, सात भाग) सहावा भाग नवाच्या आवर्तनात आहे: बास आणि ड्रम्स तीन-दोन-चार असा ठोका अखंड धरून बसतात आणि टोनी बँक्सचा ऑर्गन त्या नवाला न जुमानता वर आपल्याच हिशेबाने चालत राहतो. म्हणूनच शेवटी पहिल्या भागाची चाल परत येते तेव्हा अंगावर काटा येतो. हा भाग सुटा काढून प्लेलिस्टमध्ये टाकणाऱ्याला नक्की काय ऐकवायचं असतं, हे मला खरंच कळत नाही.

आता केट बुशचा 'हाउंड्स ऑफ लव्ह' (१९८५), ज्यावरून माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. पहिल्या बाजूला पाच गाणी, त्यात 'रनिंग अप दॅट हिल' आणि 'क्लाउडबस्टिंग'. दुसऱ्या बाजूला 'द नाइन्थ वेव्ह': रात्री समुद्रात एकटी तरंगणारी बाई, सात तुकड्यांची सलग मालिका, बर्फाखालची घुसमट, आयरिश वाद्यांचा जिग, 'हॅलो अर्थ'मध्ये मध्येच उतरणारं जॉर्जियन लोकगीताचं पुरुषी समूहगान, आणि शेवटी पहाट. एका तबकडीची एक बाजू पॉप, दुसरी प्रॉग. सीमा इतकी उघडी, हाताने तबकडी उलटून दाखवता येण्याइतकी, दुसरीकडे कुठे मिळणार? २०२२ मध्ये 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं, जगभरच्या पोरांनी ऐकलं, चांगलं झालं. पण त्यातल्या किती जणांना कुणी सांगितलं की अल्बम पुढे ऐका?

आणि ऐकायला गेलं तरी ॲप ऐकू देतं का नीट! मरिलियन या बँडचा 'मिसप्लेस्ड चाइल्डहुड' (१९८५) सलग वाहणारा अल्बम आहे. 'केली' त्यातलं सिंगल, ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलेलं, स्वतंत्रपणे पॉपच. पण अल्बमवर ते 'स्यूडो सिल्क किमोनो'तून उगवतं आणि 'लॅव्हेंडर'मध्ये विरतं. तिथे मध्ये अर्ध्या सेकंदाची शांतता पडली की मुडदाच पडला. ही शांतता येते कुठून? एमपी३ मध्ये आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत भरला जातो. एक चौकट ४४.१ किलोहर्ट्झला साधारण २६ मिलिसेकंदांची. गाण्याची लांबी चौकटीत नेमकी बसत नाही, म्हणून मागेपुढे रिकामी भर पडते. भर किती टाकली याची नोंद लेमसारखा एन्कोडर (एमपी३ बनवणारा प्रोग्राम) फायलीतच ठेवतो, पण ती नोंद न वाचणारा प्लेअर ती भरही वाजवतो. काही प्लेअर तर प्रत्येक ट्रॅकनंतर आवाजाचं आउटपुट बंद करून पुन्हा उघडतात, म्हणजे आणखी खाच. फ्लॅक फायलीत (आवाजातलं काही न गाळता साठवणाऱ्या) ही भर नसते, तरी आउटपुट बंद करणारा प्लेअर तिथेही घात करतोच.

म्हणून सेटिंग्जमध्ये जाऊन आधी एवढं करा. क्रॉसफेड शून्यावर आणा, तो दोन ट्रॅक एकमेकांवर चढवतो. गॅपलेस, म्हणजे दोन ट्रॅकमध्ये खंड न पाडणारी सोय, चालू करा. गाणी आपोआप एकमेकांत मिसळणारी सोय असेल तर बंद करा. शफल बंद, हे सांगायला लागू नये. आवाज सारखा करणाऱ्या सोयीत ट्रॅक आणि अल्बम असे दोन पर्याय असतील, तर अल्बम निवडा. ट्रॅकवर ठेवलं की मुद्दाम हळू ठेवलेला तुकडा उचलून मोठ्या तुकड्याच्या बरोबरीला आणला जातो आणि सगळा चढउतार सपाट. मग लोक म्हणतात, जुनं प्रॉग कंटाळवाणं आहे! तुम्ही ते ऐकलंच नाहीत हो.

जुनं विरुद्ध नवं हे भांडणही असंच आंधळं. एक गट म्हणतो १९७४-७५ नंतर काही झालंच नाही. दुसरा म्हणतो प्रॉग म्हणजे सात तारांची गिटार आणि सुसाट डबल बास ड्रम. दोघांनाही बढत नकोच आहे, एकाला मेलोट्रॉन हवा आणि दुसऱ्याला वेग. मेलोट्रॉनच्या प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा असतो, तो साधारण आठ सेकंदांत संपतो आणि सूर तुटतो. वाजवणाऱ्याला त्याआधी बोट उचलून स्वररचना फिरवावीच लागायची, आणि ती अडचण जुन्या संगीताच्या श्वासात ऐकू येते. आज संगणकातल्या प्लगइनमध्ये तोच सूर हवा तेवढा धरता येतो. तबकडीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट मावत, म्हणून जुन्या रचना तेवढ्या. सीडीने ७४ मिनिटं दिली आणि नव्यांनी ती भरून काढायचा सपाटा लावला, गरज असो वा नसो. आता स्ट्रीमिंगवर ३० सेकंद वाजलं की एक प्ले मोजला जातो, वीस मिनिटांची रचनाही एकच प्ले. कोण कशाला लांब लिहील?

तरी लिहितात! पोर्क्युपाइन ट्रीचं 'अ‍ॅनेस्थेटाइझ' (२००७) सतरा मिनिटांहून मोठं, तीन भागांचं, आणि त्यातला एकही भाग दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही. हाच बँड २००९ मध्ये पवईला आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात वाजवून गेला. याच बँडचं 'लाझरस' साधं, सुंदर पॉप आहे, आणि त्यालाही प्रॉगच्या यादीत कोंबलेलं असतं. रेडिओहेडचं 'पॅरॅनॉइड अँड्रॉइड' (१९९७) साडेसहाच्या आत चार वेगळे प्रदेश ओलांडतं, ते मात्र 'अल्टरनेटिव्ह' म्हणून बाहेर.

तेव्हा याद्या बनवणाऱ्यांनो, मेहरबानी करा. 'केली' टाकायचं असेल तर त्या अल्बमची पहिली बाजू पूर्ण टाका, नाहीतर ते पॉपच्या यादीत ठेवा, तिथे ते शोभतं. 'सपर्स रेडी'चे तुकडे करू नका. 'ओनर ऑफ अ लोनली हार्ट' काढा, 'डॉमिनो' घ्या. केट बुशच्या सात ट्रॅकना वेगळा टॅग द्या, टॅग एडिटरमध्ये ते सात निवडून प्रकार बदलायला अर्धं मिनिट लागतं. आणि 'फ्रेम बाय फ्रेम' लांबीवरून गाळलं असेल तर आज रात्रीच परत घाला.